भाईचा खांदा

जून लागला की आमच्या टीमच्या ग्रुपवर यादीची भांडणं सुरू होतात. स्पर्धा थंडीत असते, पण टीम बनते ती पेरणीच्या दिवसांत. कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं, शेठनं दिलेल्या पैशात काय आणायचं. मी हे सगळं तमिळनाडूत होसूरला, खोलीतल्या खाटेवर पडून वाचतो. इथं आजूबाजूला तमिळ, ओडिया, हिंदी. आपली बोली मला मोबाइलातच भेटते, म्हणून भांडण असलं तरी बरं वाटतं. यंदा मात्र एक मेसेज वाचला आणि मोबाइल उलटा ठेवून दिला. भाईनं लिहिलं होतं, "बाहेरचा पोरगा आणा ना, पण कोणाचं नाव कापाच्या आधी त्याले मैदानावर घेऊन पाहा. कोणाच्या सांगण्यावरून कापू नका."

ते माझ्यासाठी लिहिलेलं नव्हतं. माझं कृत्य त्याला माहीतच नव्हतं. पण मी दोन दिवस जेवलो ते नुसतं गिळलं.

आमचा खेळ बेसबॉल. रिसोडात हे सांगितलं की लोक अजूनही विचारतात, "हे कोणतं क्रिकेट बे, दांड्या कुठी गेल्या?" पिचर चेंडू फेकतो, बॅटवाला मारतो, आणि बॅटवाल्याच्या मागं एकजण उकिडवा बसून सुटलेला चेंडू घेतो. तो कॅचर. तो मी होतो. हा खेळ आमच्याकडं कोणी हौसेनं खेळायचं नाही. राज्य स्पर्धेत पहिल्या तिनात नंबर आला की प्रमाणपत्र मिळतं, आणि त्यावर सरकारी नोकरीत खेळाडूंची जागा असते. क्रिकेटमध्ये तिथवर कोण पोचणार? बेसबॉलला गर्दी कमी, म्हणून शिकलेली पोरं बेसबॉलला.

मी शिकलेला नव्हतो. आठवीत शाळा सोडली. कारण मोठं नव्हतं, गणित आणि मास्तर दोन्ही नकोसे झाले. घरी गावाला लागून वांगी-मेथीचं बागाईत होतं, त्यात चार माणसांना पुरेल एवढंच काम. म्हणून गावातल्या एका गादीच्या दुकानात लागलो. कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, दाभणानं टाके घालायचे. मालकाचा मुलगा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, बी.ए. झालेला. सगळे त्याला भाई म्हणायचे, मीही. दिवसभर दुकान, संध्याकाळी मैदान. तो टीमचा पिचर होता आणि त्याचे चेंडू घ्यायला सरावाला कोणी टिकत नव्हतं. एक दिवस त्यानं मला विचारलं, "तासभर उकिडवं बसता येते का तुले?"

"मेथी निंदतो मी भाई. दिवसभर बसतो."

"मंग चाल, बस माह्या समोर."

असा मी टीममध्ये आलो. कॅचरला छातीवर पट्टा लागतो, चेंडू अंगावर येतो म्हणून. तो विकत घ्यायची आमची ऐपत नव्हती. भाईनं पट्ट्यापट्ट्यांच्या गादीच्या कापडात कापूस ठासून मला एक शिवून दिला, खांद्यावर बंद, कमरेला बंद. पहिल्या सामन्यात समोरची टीम म्हणाली, "ते पाहा, गादी आली." तेव्हापासून माझं नावच गादी पडलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. शाळेनं मला काही नाव ठेवलं नव्हतं.

एका वर्षी आम्ही चौथे आलो. तिसऱ्या नंबरासाठीच्या सामन्यात शेवटी शेवटी भाईचे चेंडू इकडंतिकडं जायला लागले, समोरच्यांना फुकट धावा मिळाल्या. आणि शेवटचा चेंडू माझ्या दोन पायांतून मागं गेला. तो मी अडवला असता तर सामना राहिला असता. परतीच्या गाडीत कोणी मला काही बोललं नाही. भाईनं डबा उघडून माझ्यापुढं केला आणि म्हणाला, "खाय. अजून दोन वर्षं आहेत माह्याजवळ." नोकरीच्या वयाची म्हणायचं होतं त्याला. त्यानंतर प्रमाणपत्र मिळूनही उपयोग नव्हता.

पुढच्या जूनमध्ये गावातल्या सोयाबीनच्या एका अडत्यानं टीमला पैसे दिले. त्याचा भाचा आमच्यात खेळायचा. आम्ही मैदानाच्या कडेच्या लिंबाखाली बसलो. आमचे सर एका शाळेत खेळाचे शिक्षक होते, टीम त्यांचीच. त्यांनी विचारलं, "बोला, काय करायचं?"

"सर, पैला खर्च या गादीवर करा," एक म्हणाला. "नवा सेट घेऊन द्या त्याले. लोक हासतात."

"हासू दे ना. ते गादी आहे म्हणून तं जिता आहे लेक."

"सर, भाडं द्या सगळ्यायचं. मागच्या खेपी मी आईच्या कोंबड्या विकून आलतो."

"म्हणून तू धावतही तसाच होता."

सर हसले नाहीत. म्हणाले, "सेट नाही, भाडं नाही. एक खेळाडू आणायचा बाहेरचा. दोन महिने त्याचं राहणं, खाणं, येणंजाणं. एवढेच पैसे आहेत, एकाचेच. अकोल्याचा एक पिचर आहे, अमरावतीचा एक कॅचर आहे. दोघं यायला तयार आहेत."

माझ्याकडं आणि भाईकडं कोणी पाहिलं नाही. पिचर आणला तर भाई बसणार, कॅचर आणला तर मी. भाई कोणाचा तरी उसवलेला ग्लोव्ह दाभणानं शिवत होता. त्याचा हात थांबला नाही.

त्याच्या आठेक दिवस आधी दुकानात खोळ भरताना तो मला बोलला होता, "सकाळी उठलो का खांदा थोडा धरते बे. दुपारपर्यंत मोकळा होते. कोणाले सांगू नको." मी म्हणालो होतो, "नाही सांगत."

दुसऱ्या दिवशी भाई कापूस पाहायला कारंज्याला गेला होता. सर दुकानापुढं आले आणि मला बाहेर बोलावलं. स्कूटरवर बसूनच म्हणाले, "भाईले विचारलं मी काल. तो म्हणते, कॅचर बदलू नका, पोरगा शिकून राह्यला, यंदा नाही सोडणार. आता तू सांग. रोज त्याचे बॉल तू घेतोस. हात कसा आहे त्याचा?"

म्हणजे भाई माझ्यासाठी बोलला आहे हे मला कळलेलं होतं. हे मी इथं लिहून ठेवतो, कारण पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला असं सांगत होतो की घाबरून तोंडातून निघून गेलं, काही माहीत नव्हतं. माहीत होतं. मला भीती होती हेही खरं. शाळा सुटलेल्या पोराला गावात कोणी बोलावत नाही. मैदानावर मला नावानं हाका मारायचे, टीमच्या फोटोत मी मधोमध बसायचो. ते गेलं तर माझ्याजवळ पिंजण आणि मेथी उरत होती.

मी म्हणालो, "सर, खांदा गेला त्याचा."

"गेला?"

"रात्री झोप नाही लागत त्याले."

हे झोपेचं सरांनी विचारलं नव्हतं. माझं मीच जोडलं.

सर जरा वेळ हँडलवर बोटं वाजवत बसले. "बरं झालं सांगितलंस. पोराचा हात कायमचा जाईल अशानं. त्याले आराम द्यावा लागते." त्यांना मनापासून भाईचं भलं करायचं होतं. म्हणून त्यांनी त्याला राखीवमध्येही ठेवलं नाही. सोळा नावांची यादी जाते. ज्याचं नाव यादीत, त्यालाच प्रमाणपत्र. यादी वाचली तेव्हा अकोल्याचा पिचर पहिला होता, मी दुसरा, आणि भाई नव्हता. सर त्याला म्हणाले, "यंदा तू आराम कर." भाईला वाटलं, मागच्या वर्षी चेंडू भरकटले त्याची ही शिक्षा.

दुकानात परत आल्यावर मी कापसाच्या ढिगामागं उगाच काहीतरी शोधत राहिलो. भाई म्हणाला, "तुह्या गादीचे बंद ढिले झाले. काढ, पक्के करून देतो. अकोलेवाला जोरात टाकते म्हणतात." त्यानं दुहेरी टाका घालून ते बंद शिवून दिले. मी समोर बसून दोरा धरला.

अकोल्याचा पोरगा खरंच जोरात टाकायचा. माझा तळवा सुजायचा. आम्ही तिसरे आलो. शेवटच्या सामन्यात माझ्या हातून एकही चेंडू सुटला नाही आणि लोकांनी मला उचललं. प्रमाणपत्र मिळालं, त्यावर माझं नाव बरोबर लिहिलेलं होतं. ज्याच्या आईच्या कोंबड्या विकल्या गेल्या होत्या तो पोलिसात लागला. आणखी एकजण वनखात्यात लागला. मी पण एक फॉर्म आणला. पहिल्याच रकान्यात दहावी पास विचारलं होतं. फॉर्म घडी घालून खिशात ठेवला. ज्या कागदाचा मला काही उपयोग नव्हता त्यासाठी मी ज्याला उपयोग होता त्याचं नाव पुसलं होतं, हे मला त्या रकान्यासमोर कळलं. तोवर कळलं नव्हतं असं म्हणत नाही. तोवर त्याकडं पाहिलं नव्हतं.

फेब्रुवारीत भाईनं मला मैदानावर नेलं. "पाहू बरं हात कसा आहे." त्यानं तीसेक चेंडू टाकले. माझा ग्लोव्ह मला हलवावा लागला नाही, इतके नेमके. "आराम भेटला तं चांगलंच झालं ना बे," तो म्हणाला. पुढच्या वर्षी अकोल्याचाच पोरगा पुन्हा आला, जिंकणारा पिचर कोण बदलणार? भाई राखीवमध्ये होता आणि टीम पाचवी आली. मग भाईचं वय गेलं.

लोक फोमच्या गाद्या घ्यायला लागले तेव्हा दुकानात दोन माणसांचं काम उरलं नाही. भाईचा मेहुणा होसूरच्या एका फोमच्या कारखान्यात होता. भाईनं त्याला फोन करून माझं काम लावून दिलं, गाडीत बसवायला वाशीमपर्यंत आला, माझी पिशवी वर ठेवली. आज माझ्या बहिणीचं शिक्षण, घराचं पत्र्याचं छत, माझं रोजचं जेवण, सगळं त्या एका फोनचं आहे. रोज त्याच्याबद्दल चांगलंच मनात येतं आणि मागोमाग तोंड कडू होतं.

यंदा तो मेसेज वाचला आणि राखीला सुट्टी घेऊन गेलो. घरी पिशवी टाकली, सरळ दुकानात गेलो. भाई एकटाच खोळ शिवत बसला होता. दाढीत पांढरे केस आले आहेत त्याच्या. "आला का होसूरकर," म्हणाला. "बस."

मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. सर कसे आले, काय विचारलं, मी काय म्हणालो. सांगताना मी कपाटाकडं पाहत होतो.

दोरा संपेपर्यंत तो शिवत राहिला. मग विचारलं, "म्या तुले काय म्हणलं होतं? धरते म्हणलं होतं ना?"

"हाव."

"अन्‌ तू?"

"गेला म्हणलं."

त्यानं दाभण खोळीत टोचून ठेवलं. "सर मले तवा दोनदा विचारत होते, झोप लागते का म्हणून. मले वाटलं, बायकोचं बाळंतपण होतं तवा, त्याचं विचारून राह्यले." मग म्हणाला, "तेही तूच?"

"हाव, भाई."

एक बाई उशा भरून घ्यायला आल्या. त्यानं त्यांना कापूस दाखवला, भाव सांगितला, उद्या या म्हणाला, सगळं नेहमीच्या आवाजात. त्या गेल्यावर माझ्याकडं वळला.

"सरायले काही बोलू नको. म्हातारा माणूस आहे, जिवाले लावून घेईन."

"नाही बोलत."

"अन्‌ यादीचं तू ग्रुपवर काही लिहत नको जाऊ. कोणाचंच."

"नाही लिहणार."

मला वाटलं होतं तो शिव्या देईल. मी खोळीचं दुसरं टोक धरायला वाकलो, आयुष्यात हजार वेळा धरलं आहे तसं. "राहू दे," तो म्हणाला. "होते माह्यानं." मी टोक सोडलं. अर्धाएक तास तिथंच स्टुलावर बसून होतो. त्यानं मला जा म्हटलं नाही, चहाही सांगितला नाही. खोळ एकट्यानं शिवायला अवघड असते, मधूनमधून निसटत होती, आणि तो दरवेळी ती गुडघ्याखाली पुन्हा दाबून धरत होता.