संगीताचे शंख

संगीता गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. फोन आमच्या यजमानांचा, पुण्याहून, हॉस्पिटलच्या जिन्यातून. "गेली गं..." एवढंच म्हणाले. संगीता म्हणजे माझी धाकटी जाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. चार महिने आजारी होती, त्यामुळे बातमी अगदीच अनपेक्षित नव्हती. मी जुडी खाली ठेवली, फोन पदराला पुसला, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं ते आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही. मनात आलं, चला, या घरातलं त्या शंखांचं कौतुक एकदाचं संपलं. सुंठीवाचून खोकला गेला. रडू त्यानंतर आलं, आणि खरं आलं, पण त्यानंतर आलं. सव्वा महिना होऊन गेला, तरी त्या दोन गोष्टींचा क्रम मला बदलता येत नाही.

कौतुक संपणार होतं कुठलं? तिसऱ्या दिवशी उठावण्याला, म्हणजे शोकसभेला, अख्खं ओतूर लोटलं. मंचरहून तिच्या माहेरचे आले, जुन्नरचे नातेवाईक आले, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय. काय तो पास्ता करायची, काय ते शंख भरायची. धुण्याभांड्याला येणारी आमची हिराबाई, तिच्या घरी वाड्यात अजून मेंढरं आहेत, ती दाराशी बसून डोळे पुसत बायकांना सांगत होती, "धाकल्या काकींचं ते शंकाचं लई भारी व्हतं बघा. माजा नातू तापात अन्नाला शिवंना, तर त्यांनी डबा भरून दिला. चाटून पुसून खाल्लं पोरानं." मी त्या वेळी आलेल्यांना पाणी देत होते. अठ्ठावीस वर्षं मी या घराला रांधून घालते आहे. माझ्या हातची डाळबाटी खाल्ली नाही असं त्या गर्दीत एकही माणूस नसेल. पण मी मेले तर माझ्या उठावण्याला कोणी बाटीचं नाव काढेल का, असा हिशेब मी भर सुतकात, हातात तांब्या घेऊन करत होते.

आमचं घर मूळचं राजस्थानातलं, पण चार पिढ्या ओतुरात. सासूबाईंना आम्ही सगळे नुसतं 'बाई' म्हणतो. त्यांचा जन्मच ओतूरचा, त्यामुळे घरात मारवाडी नावाला आणि बोली सगळी इथलीच. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, चौमासात पालेभाजीसुद्धा नाही, आणि वडीलधाऱ्यांचं जेवण सूर्य मावळायच्या आत. मी संगमनेरहून या घरात आले ती बाटी येत असलेली सून म्हणून. बाईंनी आपला गॅसवर ठेवायचा जाड ॲल्युमिनियमचा तंदूर तिसऱ्या वर्षी माझ्या ताब्यात दिला, आणि ओट्यावर माझं राज्य सुरू झालं. मग धाकट्या दिरांचं, दिनेशभाऊंचं लग्न झालं आणि संगीता आली. गोरीगोमटी, हसरी, सतत काहीतरी गुणगुणणारी. पोळ्या तिच्या यथातथाच. मला हायसं वाटलं होतं.

दोन-तीन वर्षांनी ती माहेराहून कुठलासा कुकिंगचा क्लास करून आली आणि तिच्या पिशवीत ते पाकीट होतं. शंखासारख्या आकाराचा मोठा पास्ता, एकेक चांगला लिंबाएवढा. आधी उकडायचा, मग त्यात पनीर, मक्याचे दाणे आणि ढोबळी मिरचीचं सारण भरायचं. खाली टोमॅटोचा घट्ट रस्सा, वर मैदा-दुधाचा पांढरा सॉस आणि चीज, आणि सगळं वरून लालसर होईस्तोवर भाजायचं. टोमॅटोला आपल्याकडे काय तोटा? नारायणगावची क्रेट जाताना-येताना दिसतातच. अडचण होती ती भाजायची. ती म्हणाली, कोपऱ्यावरच्या बेकरीच्या भट्टीत ट्रे देऊ. मी हळूच बाईंच्या कानावर घातलं की त्या भट्टीत अंड्याचे केक भाजतात. बात तिथेच मिटली असं मला वाटलं. बाई म्हणाल्या, "खरंय. मंग आपल्याच तंदुरात भाज की." करायला गेले एक आणि झालं भलतंच! माझ्या तंदुरातून, माझ्या डोळ्यांदेखत, तिचा ट्रे बाहेर आला. घरात कोणालाच त्या पदार्थाचं नाव धड घेता येईना, म्हणून त्याला 'शंख' म्हणायला लागले. त्या दिवशी मुलांनी बोटं चाटली, बापूजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, दुसऱ्यांदा मागून घेतलं, आणि माझी स्वतःची मुलगी पूर्वा ट्रेच्या कडेची करपलेली खपली खरवडून खात म्हणाली, काकी, रोज कर. मी तेव्हा कढी ढवळत होते. मिरच्या कढीत कमी आणि माझ्या नाकाला जास्त झोंबल्या.

मत्सर हा शब्द पुस्तकात मोठा वाटतो, घरात तो बारीकसारीक असतो. शंखांचा बेत असला की मी आदल्या दिवशी मुद्दाम पुरणपोळी करायची, म्हणजे पोटं जड राहावीत. ती खाली आमच्या दुकानात गेली की तिच्या रश्श्याची चव घेऊन बघायची, आणि तो चांगलाच असायचा. कृती मी कधी विचारली नाही. विचारलं असतं तर तिने आनंदाने सांगितली असती, आणि तेच मला नको होतं. पूर्वा मात्र दर वेळी स्टूल घेऊन तिच्या शेजारी बसायची. माझ्याशेजारी बाटी वळायला ती कधी बसली नाही.

आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. दहा वर्षांपूर्वीच्या चौमासातली गोष्ट. संगीताचे आईवडील मंचरहून जेवायला येणार होते. वडिलांचाही रात्री न खाण्याचा नियम. लेकीने केलेले शंख त्यांनी कधी खाल्ले नव्हते, म्हणून तिने सकाळपासून तयारी केली. अकरा माणसांचं सारण, दोन ट्रे भरून शंख, ओळीने मांडलेले. सूर्यास्त सात वाजायच्या जरा आधी होता. ती पाच वाजताच ट्रे घेऊन ओट्याशी आली, तर तंदुरात माझ्या बाट्या होत्या. कोणी सांगितल्या नव्हत्या. मी म्हटलं, पाहुण्यांना घरचंही काही हवं ना. आणि गॅस मी मंद ठेवला. मुद्दाम ठेवला. एक घाणा झाला की दुसरा लावला. ती तीनदा येऊन गेली. "भाभी, किती वेळ?" आणि मी तीनदा म्हटलं, "झालंच गं." तंदूर रिकामा झाला तेव्हा साडेसहा होत आले होते. तिचा पहिला ट्रे बाहेर आला तेव्हा सूर्य मावळून दहा मिनिटं झाली होती. तिच्या वडिलांनी, बापूजींनी आणि बाईंनी माझी डाळबाटी खाऊन, पाणी पिऊन जेवण आटोपलं होतं. तिचे वडील बाटीचं तोंडभर कौतुक करत होते. शंख मुलांनी खाल्ले. ट्रे हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिलेली संगीता अजून मला दिसते. तिने वडिलांकडे पाहिलं, मग खिडकीकडे, आणि ट्रे खाली ठेवला. बाई सहज म्हणाल्या, "संगीचं काय येळेवर व्हत न्हाई." सगळे हसले. मीही हसले.

त्या बोलण्यात बाईंचा वाईट हेतू नव्हता. पण चिकटलं ते चिकटलंच. लग्नाला निघायला गाडी खोळंबली की संगीता. शाळेची फी भरायची राहिली की संगीता. मी स्वतः मैत्रिणींत, मंदिरात, भिशीत हसत हसत सांगायचे, आमच्या धाकटीचं जरा उशिराचंच काम असतं बाई. वास्तविक घरात सगळ्यात आधी तिची अंघोळ व्हायची. ओझरला दर्शनाला जायचं तर ती साडी नेसून, डबे भरून ओट्यावर बसलेली असायची आणि मीच पिना शोधत असायचे. तिचे वडील त्यानंतर दीड वर्षाने गेले. लेकीचे शंख त्यांनी कधीच खाल्ले नाहीत.

शेवटची भेट हॉस्पिटलमध्ये. हात काटकुळे झाले होते, पण जिभेचा तिखटपणा शाबूत. मी डब्यात मुगाचं पातळ वरण नेलं होतं, ते तिने दोन चमचे घेतलं आणि ती हसायला लागली. म्हणाली, "भाभी, एक सांगू? तुमचे भाऊ संगमनेरहून आले होते आणि तुमच्या बाट्या दगड झाल्या होत्या, आठवतं? पीठ मी मळलं होतं. मोहन घातलंच नाही मी... तुमच्या बाटीवर मी कायम जळले." मला त्या बाट्या चांगल्याच आठवत होत्या. मी तेव्हा गिरणीवाल्याला बोल लावला होता. आणि खरं सांगते, समोर ती मरणाच्या दारात पडलेली, तरी माझ्या मनात आधी आलं ते 'तरीच!' मग तिने माझा हात धरला आणि वाट पाहत राहिली. तिला काहीतरी ऐकायचं होतं. तंदुराचं तिला ठाऊक होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. मी बोलायला हवं होतं. पण ती माझ्यावर जळत होती हे कळल्यावर मला इतकं बरं वाटलं, की ते बरं वाटणं मला कोणाबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं. मी म्हटलं, "जाऊ दे गं, जुन्या गोष्टी." आणि डब्याचं झाकण लावलं. चार दिवसांनी ती गेली.

गेल्या रविवारी पूर्वा पुण्याहून आली ती पास्त्याचं पाकीट घेऊनच. "मम्मी, शंख करू या. दिनेशकाका नीट जेवत नाहीत." कृती कुठे लिहिलेली नव्हती. पूर्वालाच पाठ. माझ्या ओट्यावर माझीच मुलगी मला शिकवत होती, आणि दर वाक्याच्या सुरुवातीला 'काकी असं करायची'. सारण सैल नको, काकी पनीर पिळून घ्यायची. शंख अर्धाकच्चाच काढ, काकी एक दाताखाली धरून बघायची. पंचवीस वर्षांच्या मुलीसमोर मी निमूटपणे पनीर पिळलं. साडेपाचला ट्रे तंदुरात गेला, सव्वासहाला बाहेर आला. वरून लालसर, कडेने खदखदणारा. बाहेर अजून चांगलं ऊन होतं.

बाईंना आता पंच्याऐंशी उलटून गेली. त्यांनी एक शंख मोडून खाल्ला, मग दुसरा. दिनेशभाऊ खाली मान घालून जेवत होते. बाई म्हणाल्या, "चांगलं झालंय. आन् येळेवर. संगीचं काय येळेवर झालं न्हाई कधी... जायची तेवढी घाई केली बया." दहा वर्षं ज्याची वाट पाहिली ते 'चांगलं झालंय' मला मिळालं होतं. त्याला लागून पुढचं वाक्य नसतं तर बरं झालं असतं. मी पळी खाली ठेवली आणि म्हटलं, "बाई, त्या दिवशी उशीर तिला झाला नव्हता. मी तंदूर अडवून धरला होता. मुद्दाम."

पूर्वा माझ्याकडे पाहत राहिली. बाईंनी घास संपवला. मग विचारलं, "आन् मी इतकी वर्सं तिला बोलत व्हते, तवा तू कुटं व्हतीस?"

"इथेच," मी म्हटलं. "वाढत होते."

आमच्याकडे जेवण झालं की ताटात पाणी घालून ते धुऊन पितात, अन्नाचा कण टाकत नाहीत. बाई ताट धुऊन प्यायल्या, भिंतीला धरून उठल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. त्या माझ्याशी अजून बोलत नाहीत. दिनेशभाऊंनी मात्र त्या संध्याकाळी ट्रे पुढे ओढला आणि उरलेले शंख एकेक करून संपवले.

हे मी वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहू नये असं यजमानांचं म्हणणं. घरातलं घरात राहावं म्हणतात. पण ते मी घरात ठेवलं नव्हतं. ओतूर, जुन्नर, मंचर, जिथे जिथे माझी ओळख आहे तिथे तिथे मी माझ्या जावेला उशिराची म्हणून हसले होते, आणि त्या सगळ्या घरी ही पुरवणी जाते. तर वाचणाऱ्या प्रत्येकीला सांगते. तिचे शंख माझ्या बाटीपेक्षा चांगले होते की नाही, यावर मी आजही वाद घालीन. पण आमच्या संगीताचं सगळं वेळेवर असायचं. त्या दिवशी पाच वाजता ती तयार होती.