बेटावर कापूस वेचणारी बाई

भुताखेतांच्या गोष्टींना मी जन्मभर हसत आलो. भुसावळला रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी झाली. डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं मानायचं, ही तिथली सवय. त्यामुळे खालचा अनुभव वाचून कुणी हसलं तर राग नाही. पण मी गप्प राहिल्याने एका भल्या माणसाचं नुकसान झालं... म्हणून या वयात का होईना, लिहितोय.

नशिराबादच्या पुढे एक धरण आहे. आमचं पिण्याचं पाणी तिथूनच येतं. नाव मुद्दाम देत नाही, गर्दी वाढली की पक्षी बिथरतात. पाणी पिण्याचं असल्यामुळे पोहायला आणि बोटींना बंदी आहे, पण काठावर फिरायला, पक्षी बघायला मुभा आहे. थंडीत पट्टकादंब येतात, हिमालयापलीकडचे ते राखाडी हंस. मधोमध एक उंचवटा आहे, पाणी उतरलं की बेटासारखा उघडा पडतो. सभोवार खोल पाणी. धरण होण्याआधी तिथे कपाशीची शेतं होती.

आम्ही निवृत्त मंडळी रविवारी तिथे जायचो. मला घ्यायला लोटूभाऊ यायचा, आपल्या जुन्या मोटारसायकलवर. माझा शाळेपासूनचा मित्र. उभा जन्म कपाशीत गेलेला शेतकरी.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत आम्ही काठावर भरीत पार्टी ठेवली होती. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी टाकली होती, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या घरून आलेल्या. लख्ख दुपार. मंडळी जाळाभोवती गप्पा मारत होती आणि लोटूभाऊ जरा लांब, दुर्बीण लावून बेटाकडे बघत होता. बराच वेळ तो हललाच नाही. मी शेजारी जाऊन उभा राहिलो, तसं त्याने मला कोपराने ढोसलं.

"नाना, पाह्य बरं. बाई कापूस येचू राह्यली."

मी दुर्बीण घेतली. बाई होती. विटकं लुगडं, आणि वेचणीला आमच्याकडे बायका बांधतात तशी पोटाशी ओटी बांधलेली. ती वाकायची, काहीतरी वेचून ओटीत टाकायची, पुढे सरकायची. ओळ संपली की वळून दुसरी धरायची. जमीन मात्र नुसता चिखल, हिरवं पानसुद्धा नाही. आणि ते हंस – माणूस लांबून दिसला तरी उडणारे – तिच्या वाटेतून अंगणातल्या कोंबड्यांसारखे बाजूला होत होते. ओटी फुगलेली दिसत होती.

भीती अजिबात वाटली नाही. एवढंच वाटत राहिलं, की ही तिथे पोचली कशी... आणि वेचतेय तरी काय?

तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, काय दिसतंय म्हणून. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. याच मंडळींना मी अंधश्रद्धेवर भाषणं दिली होती.

"काही नाही," मी म्हणालो. "बगळे आहेत."

लोटूभाऊने मात्र बाईचं सांगितलं, तशी एकेकाने दुर्बीण लावली. कुणालाच काही दिसलं नाही. पुढे जेवण होईपर्यंत लोटूभाऊची थट्टा चालली. पाण्यातल्या कापसाला भाव काय मिळतो, असं एकाने विचारलं. दुसऱ्याने, पाण्यातल्या भुतांना आसरा म्हणतात त्यावरून, त्याचं नावच 'आसराभाऊ' ठेवलं. तो माझ्याकडे बघत होता. मी हातातल्या पुरीकडे पाहत राहिलो.

गोष्ट त्याच्या घरी पोचली. त्याचा मुलगा युवराज काळजीने माझ्याकडे आला. काका, तुम्हाला दिसलं होतं का काही, असं त्याने सरळ विचारलं. मी नाही म्हणालो. त्याने बापाचे डोळे तपासून घेतले; ते ठणठणीत निघाले. मग डोक्याचीच शंका आली आणि गाडीची चावी कपाटात गेली. लोटूभाऊ भांडला नाही. धरणावर येणं मात्र सुटलं.

मी नंतर पुष्कळदा एकटा जाऊन पाहिलं, ती पुन्हा दिसली नाही. रखवालदाराला विचारलं, तो म्हणाला, बेटावर मासेमारही जात नाहीत. उन्हाची झळ, सावली, सगळे तर्क करून झाले.

गेल्या महिन्यात अखेर त्याच्या घरी गेलो आणि बापासमोरच युवराजला सगळं सांगितलं.

"दोघांनी ठरवून ठेवलंय का काका?" तो म्हणाला. "मग तुमच्याही गाडीची चावी घ्यावी लागंल."

लोटूभाऊ पलंगावर उठून बसला. त्याने मला एवढंच विचारलं, "कोन्या हातानं येचे ती?"

"डाव्या."

युवराज बापाकडे वळला. लोटूभाऊने होकारार्थी मान हलवली. "हे म्या कोनाले सांगेल नव्हतं," तो म्हणाला. युवराज आत गेला आणि चावी आणून बापाच्या उशाशी ठेवली.

"मंग त्या दिशी बगळे काहून म्हणला?" लोटूभाऊने विचारलं.

लाज वाटली म्हणून, हे मला सांगता आलं नाही.

दोन माणसांना एकच भास, तोही डाव्या हातासकट, कसा होतो हे मला आजही कळलेलं नाही. वाचकांपैकी कुणाला कळत असेल तर जरूर लिहा. गेल्या रविवारी लोटूभाऊच्या मागे बसून धरणावर गेलो होतो. बेटावर हंस होते. तो उन्हं कलेपर्यंत बघत बसला. काय दिसतंय, हे मी विचारलं नाही, आणि दुर्बीण त्याने एकदाही माझ्या हातात दिली नाही.