कॅमेऱ्याकडे बघणारी माणसं

भुताखेतांच्या गोष्टींना मी कायम हसत आले. एकतर माझं काम फिल्म कापण्या-जोडण्याचं... एका माणसाचं हसू दुसरीकडे चिकटवून मी रोज लोकांना फसवत होते, मला कोण फसवणार! पण एका अनुभवाने माझी चांगलीच जिरवली, आणि अजून तो डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले. मराठी अडखळलं तर सांभाळून घ्या. माझा जन्म, शाळा, नोकरी सगळं कलकत्त्यातलं. आई म्हणायची, "शैला, तुझं मराठी म्हणजे माशाच्या कालवणात पुरणपोळी."

बागबाजारात आम्ही मायलेकी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. खाली घरमालकीण, त्यांना मी माशीमा, म्हणजे मावशी, म्हणायचे. त्यांची धाकटी बहीण टुनी फाळणीनंतरही तिकडे पूर्व पाकिस्तानात, जेसोरलाच राहिली होती. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात माणसांचे लोंढे सीमा ओलांडून आले, त्यांत तीही आली आणि बनगावच्या वाटेवरच्या एका छावणीत कॉलऱ्याने आजारी पडली. निरोप आला तेव्हा माशीमा खाटेवर... घाटावर घसरून मांडीचं हाड मोडलेलं, कमरेपर्यंत प्लास्टर. "मला खाटेसकट उचलून न्या" म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं. त्यांचा मुलगा धावत गेला, पण तो पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तेव्हापासून माशीमांचा एकच प्रश्न. शेवटी टुनीच्या तोंडात कुणी पाणी घातलं का? भाजी चिरताना मध्येच विळी थांबायची — "घातलं असेल का ग कुणी?" अन्न त्यांच्या घशाखाली धड उतरत नसे.

तीनेक वर्षांनी एस्प्लनेडजवळच्या आमच्या ऑफिसात एक काम आलं. छावण्यांची तेव्हाची जुनी फिल्म बाहेर काढून मदतकार्याला जाणाऱ्या तरुणांसाठी छोटा माहितीपट करायचा — काय चुकलं, त्यातून काय शिकायचं. पिण्याच्या पाण्याजवळ संडास नको, लस वेळेवर, वगैरे. मी डबे उघडले. चिखल, ताडपत्र्या, रांगा... पण एकही माणूस आपल्याकडे बघत नव्हतं. आधी मला ते विचित्र वाटलं, मग लक्षात आलं, बघेल कसं? कॅमेऱ्यात बघणारं माणूस आमच्या लेखी निकामी! तो तुकडा कापून वेगळ्या डब्यात टाकायचा, हा आमचा धंद्याचा नियमच. ती माणसं कॅमेऱ्याकडे का बघत असतील, हे कुणाच्या मनातही आलं नाही. आपल्याला कुणीतरी ओळखेल, शोधत येईल, म्हणूनच ना? आणि आम्ही नेमके तेच चेहरे टाकून दिले होते. मला आमचा सगळ्यांचाच संताप आला. शिकायचं असेल तर आधी हे शिका म्हणावं!

त्याच तिरमिरीत मी निकामी तुकड्यांचा डबा उतरवला. भर दुपार होती, पंखा चालू, खाली ट्रामची खडखड. चार-पाच तुकडे झाले आणि पडद्यावर चटईवर निजलेली एक बाई थेट माझ्याकडे बघायला लागली. टुनी! माशीमांच्या भिंतीवरच्या फोटोत तो चेहरा मी रोज बघत होते. मी मशीन थांबवलं. पुढचं बघायचा हक्क माझा नव्हता.

दुसऱ्या दिवशी साहेबांची परवानगी काढून माशीमांना टॅक्सीने घेऊन आले. आमचं बोलणं बंगालीत, इथे मराठीत देते.

"बघवणार नाही हो, माशीमा," मी म्हटलं.

"इतकी वर्षं न बघता काय सोपं गेलं, पोरी? लाव."

फिल्म सुरू झाली. आवाज नव्हताच. टुनी बघतेय, ओठ हलताहेत... आणि बाजूने एक बाई आली, खाली बसली. टुनीचं डोकं मांडीवर घेऊन तिने भांडं तोंडाला लावलं. मग तिने मान वर करून सरळ कॅमेऱ्यात बघितलं.

त्या माशीमा होत्या.

चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. अहो, ती दांडी मागच्याच महिन्यात माझ्या आईच्या हातून मोडली होती, आणि दोराही आईनेच गुंडाळला होता! मी शेजारी बघितलं. तोच चष्मा लावून माशीमा पडद्याकडे बघत होत्या.

"तुम्ही... गेला होतात?"

"प्लास्टर घालून?"

"मग ही कोण?"

"मीच की," त्या शांतपणे म्हणाल्या. "परत लाव."

मी परत लावली.

"इथे थांबव. तिचा गळा बघ. गिळलं का तिने?"

मी हाताने एकेक चित्र पुढे सरकवलं. गळा हलला.

"गिळलं, माशीमा."

"नीट बघ हं."

"नीट बघितलं. मोठा घोट घेतलाय."

माशीमा पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मीही रडले, भीतीने की कशाने, सांगता येणार नाही.

त्यानंतर मला चैन पडेना. तुकड्याला कुठे सांधा आहे का बघितलं — नव्हता. निगेटिव्ह मागवलं, त्यातही तेच. ज्याने ते चित्रण केलं त्या कॅमेरामनला गाठलं, तर तो म्हणाला, "दीदी, त्या बाईजवळ कुणीच नव्हतं. मला आजही ते खुपतं." त्याला तो तुकडा दाखवला. बघून झाल्यावर तो उठून बाहेर गेला, पुन्हा त्या विषयावर बोलला नाही. कुणी सारखी दिसणारी बाई असेल म्हणावं, तर चष्म्याचं काय? आईला विचारून विचारून मी भंडावून सोडलं. हाती काही लागलं नाही, आजही नाही.

शेवटी एकदा मी माशीमांनाच छेडलं. त्या जेवत होत्या, दुसऱ्यांदा भात वाढून घेतलेला. "पण हे झालं कसं, माशीमा? तुम्हाला काहीच आठवत नाही?"

त्यांनी घास गिळला, माझ्याकडे बघितलं. "तू अजून काय शोधतेस ग? ती पाणी प्यायली."