कोंड्यानं भरलेला खड्डा

बरीच वर्षं जिल्ह्याची क्रिकेट संघटना म्हणजे भैयाजी आणि त्यांच्या माजघरातली लोखंडी पेटी, एवढाच कारभार होता. पेटीत स्टंप, बॅटी आणि पॅड. काथ्याची मॅट त्यात मावत नसे म्हणून ती आढ्याला टांगलेली. वडशाच्या धान गिरणीत मुकादमकी करता करता या माणसानं गावोगावचे संघ उभे केले, पण हक्काचं मैदान काही मिळवता आलं नाही. निवड चाचणी म्हटली की पोरांना चंद्रपूर गाठावं लागे. मुलींना तर घरचे तेवढ्या लांब पाठवतच नसत, आणि या गोष्टीची भैयाजींना मनापासून चीड होती.

गावाबाहेर मैदान होतं म्हणा. पण झाडीपट्टीतला हिवाळा नाटकांचा. दिवाळी सरली की तिथं मंडप पडे, आणि नाटक मंडळाचे अध्यक्ष कोण, तर तेही भैयाजीच! मैदान मागणारे तेच आणि अडवणारेही तेच. घरात बायको यावरून त्यांना भरपूर सुनावत असे.

मंडप निघाला की मंडळाचा गडी पोचू खांबांचे खड्डे धानाच्या कोंड्यानं भरून वर मातीचा थर देई. पुढल्या वर्षी सब्बल मारून नव्यानं न खणता तेच खड्डे मोकळे करता येत. गावाची ही जुनी रीत. यंदा मात्र वरच्या संघटनेचे निरीक्षक मैदान पाहायला येणार होते. त्यांनी होकार दिला की मुलींची चाचणी इथंच होणार होती. भैयाजींनी पोचूला दहादा बजावलं होतं, यंदा कोंडा नाही, मुरूम भर आणि ठोकून बसव.

मुलींचा सामना रंगात आला होता. कनातीच्या सावलीत निरीक्षक चहा पीत होते. मैदान चांगलं राखलंय, असं ते म्हणाले आणि भैयाजींचा ऊर भरून आला. तेवढ्यात पोचू मागून येऊन कानाशी लागला. मुरूम कमी पडला होता. मधल्या खांबाच्या खड्ड्यात त्यानं सवयीनं कोंडाच लोटला होता.

"कोणता?" भैयाजींनी ओठ न हलवता विचारलं.

पोचूनं हनुवटीनं दाखवलं. मिडविकेटला, सीमारेषेच्या आत मयुरी उभी होती. खड्डा तिच्या पाठीमागे, मांडीभर खोल. मयुरी जिल्ह्यातली सगळ्यात वेगवान गोलंदाज. तिच्या बापाला पटवताना भैयाजींनी शब्द दिला होता, पोरीची जबाबदारी माझी.

सामना थांबवावा तर निरीक्षकांना कारण सांगावं लागणार, आणि कारण कळलं की मैदान गेलं. षटक संपलं की पाणी जाणार होतं. पाण्याबरोबर हळूच निरोप धाडता आला असता. एवढं षटक निघून जाऊ दे, असं भैयाजींनी ठरवलं. एक चेंडू यष्टीरक्षकाकडे गेला. पुढचा पॅडवर आदळला. मयुरी कमरेवर हात ठेवून एक पाऊल मागे सरकली, तेव्हा ते कनातीच्या कडेशी आले.

मग चेंडू उंच उडाला, थेट तिच्या डोक्यावरून. मयुरी वर बघत मागे धावली.

"मयुरे, थांब!"

नाटकात कमावलेला आवाज मैदानभर घुमला. ती दचकून थांबली, चेंडू पलीकडे पडला. ती संतापानं लालबुंद झाली.

"काऊन ओरडले भाऊ? कॅच माह्या हातात होती."

भैयाजी तिच्यापर्यंत चालत गेले आणि त्यांनी मातीवर पाय दाबला. पाय गुडघ्याच्या वरपर्यंत आत गेला, भोवती पिवळा कोंडा उसळला. निरीक्षक मागोमाग आले होते. हे कुणाला माहीत होतं का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हणणं अगदी सोपं होतं. पोचू तर मान खाली घालून दोष घ्यायला तयारच उभा होता.

"मले मालूम होतं," भैयाजी म्हणाले. "हे षटक सुरू झालं तवापासून."

निरीक्षकांनी नकारार्थी मान हलवली आणि ते गाडीकडे वळले. भैयाजींनी तिकडे पाहिलंही नाही. ते मयुरीकडे बघत होते. तिनं आधी खड्ड्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"इतका वेळ मी इथीच उभी होती ना भाऊ," ती हळूच म्हणाली.