पहिला ठोका

रेग्गे म्हटलं की लोकांना समुद्रकिनारा, जटा आणि गांजा आठवतो. माझ्या तर डोक्यात तिडीकच जाते! अहो, जमैकातल्या उसाच्या मळ्यांत साखळदंड घालून आणलेल्या माणसांच्या नातवंडा-पतवंडांचं संगीत ते. मालकांना त्यांच्या ढोलांचीसुद्धा धास्ती, म्हणून बंदी घातलेली. पुढं शहरातल्या पत्र्याच्या वस्त्यांत त्यांच्या लेकरांनी भर रस्त्यात भलेमोठे स्पीकर रचले आणि आपलं गाऱ्हाणं सगळ्यांना ऐकवलं.

हे मला अण्णांना, माझ्या वडिलांना, सांगायचं होतं. आम्ही धनगर. मैंदर्गीकडच्या आमच्या गावात जत्रेतल्या गजीनाचाचा मुख्य ढोल अण्णांचा. पोटासाठी ते सोलापुरात आले, एमआयडीसीत टॉवेलाच्या यंत्रमागावर जन्म काढला आणि त्या खडखडाटानं त्यांचे कान गेले. "ढोल तेवढा छातीत लागतोय अजून," म्हणायचे. त्या एका गोष्टीवर माणूस तग धरून होता.

जत्रेच्या आधी एका दुपारी मी रेग्गे लावलं आणि त्यांचा तळहात स्पीकरवर ठेवला. वाटलं, खूश होतील. दुसऱ्या हातानं मांडीवर ठेका धरता धरता त्यांचा चेहराच उतरला.

"पयला ठोका कुटं गेला?"

"न्हायच तितं! ती माणसं मुद्दाम मोकळा सोडत्यात!" मी कानाशी ओरडले.

"माझं मन राखू नगंस. पयला सोडून कुणी ढोल वाजवतंय व्हय?" मग स्वतःशीच म्हणाले, "म्हंजे आता ढोलबी लागंना झालाय मला. मी नुसता हाताच्या सवयीनं वाजवत हुतो की."

मी परोपरीनं सांगितलं, भांडले, रडलेसुद्धा. त्यांनी स्पीकरवरचा हात काढला तो पुन्हा ठेवला नाही.

जत्रेत बिरोबाच्या देवळापुढं त्यांनी ढोल माझ्या चुलतभावाच्या गळ्यात घातला. आमच्यात देवासमोर दिलेला ढोल परत मागत नाहीत. भावानं देवाला हात जोडले आणि पहिला ठोका हाणला.

अण्णा दचकले. छातीवर हात ठेवून उभे राहिले. पुन्हा ठोका पडला तसं माझ्याकडं वळून म्हणाले, "लागतोय की गं. पयलाच लागतोय. लई चांगला लागतोय."

त्यांचे दोन्ही हात ढोलाच्या दिशेनं उचलले गेले होते. मग ते त्यांनी घोंगडीत घेतले आणि नाचणाऱ्यांना वाट द्यायला बाजूला सरले.