चिंचेने घासलेला रुपया

मंडळी, आज एक चूक केली.

सत्तरच्या दशकात बाबांनी काटोलच्या बाजारातून चांदीचा जुना रुपया आणला होता. दर लक्ष्मीपूजनाला आई तो घासायला घ्यायची आणि बाबा अडवायचे, "घासू नको वं, त्याले काळाच राहू दे." आम्ही भावंडं हसायचो.

आज तो ग्रेडिंगला, म्हणजे दर्जाचं प्रमाणपत्र घ्यायला पाठवायचा होता. चांगला दिसावा म्हणून सकाळी मीच चिंचेने लख्ख केला. सीताबर्डीतल्या नाणेवाल्याने भिंगातून पाहिलं आणि परत दिला. "काका, काहून घासला जी? आता प्रमाणपत्रावर 'घासलेला' एवढंच येईन."

ग्रेडिंगने नाण्याची किंमत खरंच वाढते का, तुम्हीच सांगा. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "मले अडवायले तुझे बाबा होते."