फ्रीलान्सर, पण दहा ते सात

परवा आमच्या कोंढा गावच्या शेतात रोवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू होती आणि मी घरात लॅपटॉपसमोर. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी व्हिडिओंचे सबटायटल्स करते. कागदोपत्री फ्रीलान्सर... प्रत्यक्षात दहा ते सात ऑनलाइन, दुसऱ्या कुणाचं काम घ्यायचं नाही, आणि सुट्टी विचारून!

हिवाळ्यात माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तेव्हा मात्र मॅनेजर सरांनी गोड आवाजात सांगितलं की विमा फक्त एम्प्लॉईजना असतो. म्हणजे कामाला मी घरची आणि दुखण्याला पाहुणी. राग आला होता, पण काम जाईल म्हणून गिळला.

तर परवा दुपारी आईचा फोन आला. रोवणीला ठेक्याने येणाऱ्या बायकांतल्या शांताकाकू धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, घसरल्या होत्या, मनगट टम्म सुजलं होतं. "गाडी काढ, पवनीले नेऊ."

सरांना मेसेज टाकला. उत्तर लगेच आलं... वर्किंग अवर्समध्ये असं जाता येणार नाही, आदल्या दिवशी कळवायला हवं होतं. आता काकूंनीच आदल्या दिवशी कळवायला हवं होतं, की उद्या मी घसरणार आहे! लॅपटॉप मिटला आणि निघाले.

स्कूटीवर काकूंना मध्ये बसवून आम्ही पवनीचा दवाखाना गाठला. फ्रॅक्चर निघालं, प्लास्टर झालं, सगळं आईनेच बघितलं, पैसेही तिनेच भरले. काकूच ओशाळल्या. "कायले एवढं करून राहिल्या बाई? आमी तं ठेक्यावाल्या."

"ठेका रोवन्याचा हाये. पडली तं माह्याच बांदीत नं?"

बांदी म्हणजे आमच्याकडे धानाच्या शेताचा एकेक तुकडा. आई एवढं बोलून औषधं आणायला गेली, आणि मी बाकावर बसून राहिले... आता गप्प बसायचं नाही, हे तिथेच पक्कं झालं.

तिथूनच सरांना लिहिलं. 'माझी वेळ तुम्ही ठरवणार असाल तर मला एम्प्लॉयी करा आणि विमा द्या. फ्रीलान्सरच ठेवायचं असेल तर वेळ माझी, आणि दुसरी कामंही मी घेणार. दोन्हीपैकी एक सांगा.' पाठवताना भीती वाटली, खोटं कशाला बोलू. शेतीच्या भरवशावर घर वर्षभर चालत नाही, माझ्या कामाचा मोठा आधार आहे. पण मेसेज डिलीट केला नाही.

उत्तर अजून आलेलं नाही. काल जेवताना आईला सांगितलं की काम जाऊ शकतं. तिने शांतपणे माझ्या ताटात भात वाढला.

"गेलं तं रोवाले ये. पडली तं दवाखान्यात मी नेईन."

हसता हसता डोळे भरले... अशी मालकीण सगळ्यांना मिळो. नाही मिळाली, तर निदान आपलं हक्काचं मागायची हिंमत मिळो. मी तर मागितलंय, आता मागे हटत नाही.